हसू येतं, पण सांगायचं का?

प्रश्न : माझी मैत्रीण दर वाक्याला ‘लिटरली’ म्हणते. काल म्हणाली, मी हसून हसून लिटरली मेले. मी म्हटलं, अगं मग बोलतंय कोण? तर रुसलीच. माझं चुकलं का?

तुमचं चुकलं नाही, पण तिचंही फारसं नाही. लिटरली म्हणजे शब्दशः हे खरं, पण आपला ‘अक्षरशः’ आठवून बघा ना, ‘मी अक्षरशः वेडी झाले’ असं आपण रोज म्हणतो आणि तेव्हा कोणी डॉक्टरांकडे नेत नाही. जोर द्यायला असा शब्द हाताशी लागतोच माणसाला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीनेही २०११ साली हा नुसता जोर देण्याचा वापर बोलीतला म्हणून नोंदवलाय. फक्त दर वाक्याला आला की त्यातला जोरच जातो, तेवढं सांगा तिला, रुसवा गेल्यावर.

प्रश्न : ‘पिन नंबर’, ‘एटीएम मशीन’ ऐकलं की माझं डोकं उठतं.

पिनमधला शेवटचा एन म्हणजेच नंबर आणि एटीएममधला एम म्हणजे मशीन, त्यामुळे तुमचं बरोबर आहे. पण आपणही गाईचं गोमूत्र आणि पिवळा पितांबर म्हणतोच की! यात अर्थ कुठेच बिघडत नाही, सोडून द्या.

प्रश्न : माझे बाबा सत्तरीचे आहेत, इंग्रजी शब्द उलटसुलट करतात. घरात सगळे हसतात, मीही हसायचे. हल्ली ते पाहुण्यांसमोर बोलतच नाहीत. काय करू?

ताई, हे वाचून वाईट वाटलं. शब्दाच्या गमतीवर हसणं वेगळं आणि माणूस गप्प होईपर्यंत हसणं वेगळं. आधी घरातलं हसणं थांबवा, अगदी आजपासून.

असं बोलणारे बाबा काही पहिले नाहीत. शेरिडनच्या १७७५ सालच्या एका नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाच्या बाई आहेत, त्यांना म्हणायचं असतं नाईलकाठची ॲलिगेटर, म्हणजे मगर, आणि म्हणतात ॲलेगरी, म्हणजे रूपककथा! त्यांच्याच नावावरून अशा चुकीला मॅलाप्रॉपिझम म्हणतात. दुसरी एक तऱ्हा मला फार आवडते, ओकच्या फळाला एकॉर्न म्हणतात ते कोणीतरी ‘एगकॉर्न’ लिहिलं, आणि २००३ पासून भाषातज्ज्ञ अशा चुकांनाच एगकॉर्न म्हणायला लागले. कोणी अल्झायमर्सला ‘ओल्ड टाइमर्स’ म्हणतं, तेही यातलंच. बघा ना, न समजलेल्या शब्दाला माणसाने स्वतःचा अर्थ लावून घेतलाय, ते ऐकणाऱ्याच्या डोक्याचं कौतुकच आहे खरं तर.

आणि चुका टिकतात हो. ॲप्रन हा शब्द आधी ‘नॅप्रन’ होता, ‘अ नॅप्रन’ ऐकताना लोकांनी ‘ॲन ॲप्रन’ ऐकलं आणि तो न कायमचा गेला. अंपायरचंही तसंच, तिथेही सुरुवातीला न होता. म्हणजे ज्याच्या निर्णयावर आपण मॅचभर भांडतो त्याचं नावच मुळात ऐकण्याच्या चुकीतून आलंय.

फक्त दोन ठिकाणी मात्र गप्प बसू नका. एक औषधपाण्याचं, हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब आणि हायपोटेन्शन म्हणजे कमी झालेला, इथे एका अक्षराने सगळं उलटं होतं. दुसरं म्हणजे डब्यावर लिहिलेलं ‘इन्फ्लेमेबल’. त्यातल्या ‘इन’मुळे भल्याभल्यांना वाटतं की हे पेटत नाही, पण त्याचा अर्थ सहज पेट घेणारं असाच आहे, म्हणून तर हल्ली सरळ ‘फ्लेमेबल’ लिहितात. हे दोन शब्द बाबांना एकटं असताना, शेजारी बसून, मराठीत समजावा. बाकीचे त्यांना हवे तसे बोलू द्या, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की तुम्हीच त्यांना काहीतरी विचारून बोलतं करा.