जेडवर छिन्नी चालत नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जुने चिनी कारागीर जेडवर कसली छिन्नी चालवत, आणि तुमच्या आजोबांच्या जेडच्या लटकनाच्या भोकात मधोमध कंगोरा आहे म्हणजे ते नकली का.

छिन्नी कसलीच नाही. चीनमधलं परंपरेचं जेड म्हणजे नेफ्राइट. खनिजांची कठीणता मोजायच्या मोह मापावर (1 ते 10) त्याची कठीणता 6 ते 6.5, साध्या लोखंडाहून जास्त. शिवाय आतले तंतू नमद्यासारखे गुंतलेले, त्यामुळे ठोकून हवा तसा टवका निघत नाही. मग उरतं ते झिजवणं. खरं काम करते गारगोटीची (क्वार्ट्झची) ओली वाळू, कठीणता 7. दोरी, बांबूची नळी, लोखंडी चकती ही नुसती ती वाळू फिरवायला. सहाणेवर चंदन उगाळताना हात दुखतो ना? इथे दगडच उगाळायचा.

चीनमधल्या अश्मयुगीन लियांगझू संस्कृतीत (साधारण इ.स.पू. 3300 ते 2300) धातूची हत्यारं नव्हती. तरी फानशानच्या थडग्यात साडेसहा किलोचा जेडचा 'त्सोंग' (बाहेरून चौकोनी, मधे गोल आरपार भोक असलेला ठोकळा) निघाला, त्यावर केसाएवढ्या रेघांचे मुखवटे! पुढे पायाने चालवायचं चाक आलं. त्याच तंत्राने यांगझोउ शहरातल्या कारागिरांनी चीनच्या चियानलाँग बादशहासाठी सुमारे पाच टनांचा जेडचा डोंगर घडवला, 1787 मध्ये पुरा झाला. गंमत म्हणजे या बादशहाला आपल्याकडच्या मुघल जेडचं भारी वेड. पातळ कडांच्या त्या वाट्यांना तो 'हिंदुस्थान' जेड म्हणे, त्यांवर कविताही करी.

आता तुमचा कंगोरा. जाड तुकड्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडत. मध्ये दोन्ही भोकं नेमकी जुळली नाहीत की तो राहतो. म्हणजे खूण तुमच्या बाजूची आहे. पण नकली करणारेही हे जाणतात, तेव्हा एवढ्यावर हुरळू नका. दहापट भिंगातून रेघांची टोकं बघा. चाकाची रेघ टोकाला निमुळती होते, आणि वळण नीट पाहिलं तर छोट्या छोट्या सरळ घासांनी जोडत आणलेलं दिसतं. विजेवर फिरणाऱ्या हिऱ्याच्या टोकाने ओढलेली रेघ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीची, एकसुरी. मी भिंग न लावता एक 'मिंगकालीन' (मिंग घराण्याच्या काळातलं) म्हणून विकलेलं पदक घेतलं होतं. घरी येऊन पाहिलं तर भोक आरपार सरळ आणि आत आरशासारखं गुळगुळीत. आता त्याला किल्ल्या अडकवतो.

तुम्ही टाकलेल्या फोटोत समोरून फ्लॅश पडलाय, त्यात काहीच कळत नाही. टॉर्च आडवा धरून भोकाचा आणि एका वळणाचा फोटो टाका, मग बोलू.