हिंगोलीच्या भूकंपाची खोली दरवेळी 10 किमीच कशी?

वसमत-औंढ्याकडे जमीन हलली की काही मिनिटांत दिल्लीहून केंद्रबिंदू आणि तीव्रता कशी सांगतात, आणि खोली बहुतेक वेळा 10 किमीच का असते, असं तुम्ही विचारलंय. खोलीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण खरी मेख तिथेच आहे.

आधी अंतर. भूकंपातून निघणाऱ्या लहरींपैकी सर्वांत आधी पोचणारी पी लहर खडकातून सेकंदाला साधारण 6 किमी धावते, मागून येणारी एस लहर साधारण 3.5 किमी. ‘आधी गुडगुड झालं, मग पत्रे अन् भांडी वाजली’ असं लोक सांगतात ते याचमुळे. दोन्हींमधले सेकंद मोजून 8 नं गुणायचे. 2 सेकंद असतील तर भूकंप 16-17 किमीवर. भूकंप नोंदवणाऱ्या तीन केंद्रांभोवती अशी वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तो केंद्रबिंदू, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात ती एका बिंदूत कधी मिळत नाहीत. म्हणून संगणक अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंपाची नेमकी वेळ हे चार आकडे हलवत राहतो, नोंदींशी जास्तीत जास्त जुळेपर्यंत. सगळी केंद्रं एकाच बाजूला असली तर दुसऱ्या बाजूला केंद्रबिंदू सहज सरकतो.

आता खोली. जवळचं केंद्रच शंभर किमीवर असेल, तर लहर 5 किमी खालून निघाली काय नि 15 किमी खालून काय, पोचण्याच्या वेळेत जेमतेम फरक पडतो. भूकंपाची वेळ जराशी मागेपुढे केली की तोही मिटतो. मग खोली 10 वर बांधून उरलेले तीन आकडे सोडवतात. त्यामुळे ‘10 किमी’ म्हणजे ‘उथळ’ एवढंच समजा. खरी खोली हवी तर धक्क्याच्या अगदी जवळ, दहा-पंधरा किमीत यंत्र लागतं.

तीव्रता लहरीच्या उंचीवरून, अंतराची दुरुस्ती करून काढतात. भूकंपशास्त्रज्ञ रिश्टरनं 1935 मध्ये ठरवलं: वुड-अँडरसन या भूकंपमापक यंत्रावर 100 किमीवरून 1 मिलिमीटर उंच रेघ उठली तर तीव्रता 3. एक अंक वाढला की उंची 10 पट, ऊर्जा सुमारे 32 पट. काळ्या मातीच्या जाड थरावर हादरा फुगतो, म्हणून यंत्र शक्यतो उघड्या काळ्या पाषाणावर बसवतात. अनेक केंद्रांची सरासरी घ्यायची असल्यानं लांबच्या नोंदी आल्यावर पहिला आकडा 0.1-0.3 नं बदलतो.

मोठ्या भूकंपाला ही पट्टी अपुरी पडते. तिथे किती क्षेत्रफळाचा खडक, किती सरकला आणि तो किती ताठ, यांच्या गुणाकारावरून आकडा काढतात. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप या पट्टीवर 6.2, पृष्ठभागावरच्या लहरींच्या पट्टीवर 6.4. जुन्या-नव्या लेखांत वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे. दोन्ही बरोबर आहेत.