वाचकांचे प्रश्न : कवितेतली झील

प्रश्न : आमच्या वाचन मंडळासाठी मी कृष्णवर्णीय अमेरिकी कवी रॉबर्ट हेडन यांच्या ‘रनगेट रनगेट’ (म्हणजे ‘फरारी’) या कवितेचा मराठी अनुवाद करतो आहे. गुलामगिरीतून पळणाऱ्या माणसांच्या या कवितेत आरंभी विरामचिन्हेच नाहीत, मध्येच गाण्याच्या ओळी येतात आणि तेच शब्द वारंवार येतात. ही पुनरुक्ती छाटावी, असे मंडळातील काही जणांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? – एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : मुळीच छाटू नये. पोवाड्यात शाहिराच्या ओळीमागून झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, ते आपण कधी फालतू मानतो का? अमेरिकेतील गुलामांच्या गाण्यात, मग ते शेतातले असो वा भजनाचे, एकाने ओळ टाकायची आणि इतरांनी ती उचलायची, अशीच रीत होती. दक्षिण कॅरोलिनात 1739 मध्ये गुलामांचा उठाव झाला आणि त्यानंतर 1740 च्या कायद्याने त्यांना ढोल वाजवण्यास मनाई केली. ताल धरण्याचे काम टाळ्या, पावलांचे ठेके आणि गळा यांच्यावरच राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गाण्यांत शब्दांच्या आवर्तनाला इतके वजन का आहे, हे उमगते.

गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे अमेरिकी लेखक फ्रेडरिक डग्लस आधी स्वतः गुलाम होते. 1845 च्या आत्मकथनात ते सांगतात की, गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत, असे मानणे ही मोठी चूक आहे, कारण दुःख अनावर होते तेव्हाच ते अधिक गातात. (जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.)

हेडन यांनी हा वारसा नुसता उसना घेतलेला नाही. आरंभीचे वाक्य धावते, पडते, उठते, ठेचकाळते आणि पूर्णविरामाविना अंधारातून अंधारात शिरते. तिथे धाप हाच ताल आहे. पुढे फरारी गुलामांना पकडून देण्याच्या जाहिरातींची कोरडी भाषा आणि, गुलाम होण्यापेक्षा थडग्यात जाईन, असे म्हणणारे गाणे एकमेकांसमोर उभे राहतात. मालकाच्या गद्याला गुलामाच्या गाण्याने दिलेले हे उत्तर आहे, म्हणून अनुवादातही जाहिरातीला लय लावू नका. त्यांच्याच ‘मिडल पॅसेज’ या दुसऱ्या कवितेत मात्र प्रार्थनागीताच्या ओळी गुलामवाहू जहाजांच्या कथनात येतात, आणि ‘आशा’, ‘दया’ अशा अर्थाची जहाजांची नावे त्या भक्तीचा उपहास करतात. तेव्हा कवितेत गाणे आले म्हणजे ते पीडितांचेच, असे समजू नये.

आपण पत्रात ‘ब्लूज’ या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गीतप्रकाराचाही उल्लेख केला आहे. पहिली ओळ, तिचीच किंचित बदललेली आवृत्ती आणि मग उत्तर देणारी तिसरी ओळ, हा तो बंध गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपल्यानंतरच्या काळात घडला. या कवितेच्या अनुवादात त्याचा साचा वापरण्याचे कारण नाही.

वाचनाच्या वेळी आरंभीचा भाग एकाच वाचकाने शक्यतो न थांबता वाचावा आणि शेवटी मुक्त होण्याचा निर्धार सांगणाऱ्या शब्दांना इतरांनी झील द्यावी. ती देताना पोवाड्याचा वीररस आणि ‘जी जी’ मात्र टाळा, कारण ही माणसे रात्री लपतछपत निघाली आहेत आणि त्यांच्या मागे कुत्री सोडलेली आहेत.