जंगलातल्या झाडांचं गणित

प्रश्न : उष्णकटिबंधीय जंगलात लहान-मोठ्या झाडांच्या प्रमाणाला काही नियम असतो का? तो कसा तपासावा?

उत्तर : असतो. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांत १ सेंमी किंवा त्याहून जाड प्रत्येक खोड १९८०च्या दशकापासून मोजलं जातं. तिथं व्यास दुप्पट झाला, की व्यासाच्या दर सेंमीमागे झाडं साधारण एक चतुर्थांश उरतात.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा, ३.१४ने भागा, की व्यास मिळतो. आधारमुळं (बुंध्याशी फाकलेली, फळीसारखी मुळं) असतील तर त्यांच्या वर मोजा, नाहीतर व्यास भलताच फुगतो. व्यासाचे गट १-२, २-४, ४-८ सेंमी असे दुप्पट करत न्या. समान रुंदीच्या गटांत मोठी झाडं इनमिन दोन-चार येतात आणि आलेख उड्या मारतो. प्रत्येक गटातली संख्या गटाच्या रुंदीनं भागायला मात्र विसरू नका, इथंच बहुतेकांचं चुकतं. मग आडव्या अक्षावर व्यास, उभ्यावर ही भागलेली संख्या मांडा आणि दोन्ही अक्षांवर लॉग (लॉगरिदम) घ्या. रेषेचा उतार उणे २च्या आसपास येईल. अजस्र झाडं रेषेखाली घसरतात, कारण त्यांना लहान झाडांसारखी सावली नव्हे, वीज आणि वारा मारतो.