काळ्या मातीतले जड धातू आणि खारं पाणी

प्रश्न : आमची काळी जमीन नाल्याकाठी आहे. नाल्यात धातूंना मुलामा देणाऱ्या कामाचं सांडपाणी मिसळतं आणि टंचाईत तेच पाणी उचलावं लागतं. काळी माती विषारी धातू धरून ठेवते, म्हणून शेजारच्या रेताड जमिनीपेक्षा आपल्याला धोका कमी, असं सगळे म्हणतात. खरं आहे का? (एक शेतकरी, तापीकाठ)

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं. काळ्या मातीतल्या चिकणकणांवर ऋण विद्युतभार असतो. शिसं, कॅडमियम, निकेल, जस्त, तांबं यांचे धनभारित आयन त्या कणांना चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. भारी काळ्या मातीची आयन धरण्याची क्षमता साधारण 40 ते 60 सेंटीमोल प्रति किलो असते, रेताड जमिनीची बहुधा 10 च्या आत. त्यात आपल्याकडच्या मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचं माप, पीएच) 8 च्या आसपास आणि चुनखडी भरपूर, त्यामुळे धातू आणखी घट्ट बसतात. सगळ्यांत घट्ट बसतं शिसं. कॅडमियम आणि निकेल त्या मानाने सैल राहतात.

पण धरून ठेवणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे. हिशेब करून पाहा. पाण्यात दर लिटरला 0.01 मिलिग्रॅम कॅडमियम असेल (सिंचनासाठी एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, सुचवलेली कमाल मर्यादा) आणि वर्षाला हेक्टरी 1,000 मिलिमीटर पाणी दिलंत, तर 100 ग्रॅम कॅडमियम शेतात येतं. वरच्या 15 सेंटिमीटर थरात, म्हणजे सुमारे 22 लाख किलो मातीत, ते अडकलं तर दर किलोला दरवर्षी 0.045 मिलिग्रॅमची भर पडते. कॅडमियम कुजत नाही, उडून जात नाही. रेताड जमिनीत धोका विहिरीला आधी, काळीत तो पिकाच्या मुळांशी साठत जातो.

काळी मातीही दोन ठिकाणी हार खाते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिलं पाणी मातीला न भिडताच खाली उतरतं, म्हणून असं पाणी भेगाळलेल्या रानात मोकळं सोडू नका. दुसरी अडचण क्रोमियमची. मुलामाकामातलं सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात ऋणभारित क्रोमेट म्हणून राहतं. ऋण कण त्याला धरत नाहीत, आणि सामू जास्त असेल तर ते आणखी मोकळं फिरतं. विहिरीचं पाणी पिण्यात असेल तर आधी क्रोमियमच तपासा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे.

मातीचा नमुना घेताना पाणी शेतात शिरतं ती बाजू, मधला भाग आणि शेवटचं टोक यांचे नमुने वेगळे ठेवा. धातू पाण्याच्या तोंडाशीच जास्त बसतात. सगळं एकत्र कालवलं तर खरा डाग झाकला जातो. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेलं वापरू नका, नाहीतर जस्ताचा आकडा फुगतो. लाकडी काठी आणि प्लास्टिकची बादली चालते.

प्रश्न : विहिरीचं पाणी खारं (ईसी, म्हणजे क्षार मोजणारी विद्युतवाहकता, 3.2), माती खारवट होत चालली आहे. माती तपासणीत कॅडमियम किंचित दिसलं. केळीला ठिबकमधून पांढरं पोटॅश देतो. याचा काही संबंध आहे का? (एक केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : आहे, आणि तो लक्षात घेतलात हे फार चांगलं. खारेपणा दोन वाटांनी काम करतो. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे चिकणकणांवरच्या जागांसाठी धातूंशी भांडतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्लोराइड कॅडमियमशी जोडी बांधतं. त्या जोडीवरचा धनभार कमी किंवा नाहीसा होतो, मग मातीला ती धरता येत नाही आणि मुळांना ती सहज मिळते. शिशावर हा परिणाम बराच कमी. म्हणून एकूण कॅडमियम तेवढंच असूनही खारवट रानातल्या पिकात ते जास्त उतरू शकतं.

पांढऱ्या पोटॅशमध्ये, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये, सुमारे 47 टक्के क्लोराइड असतं. तुमच्या रानात सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडलं तरी तेच द्या. जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट द्या, कारण जस्त मुळांपाशी कॅडमियमची वाट अडवतं. त्या तुकड्यात पालक-मेथी घेऊ नका, पानांत कॅडमियम सर्वांत जास्त साठतं.

एक इशारा. चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली जमीन) सुधारायला जिप्सम टाकून पाणी भरताना निचऱ्याचे चर काढलेले नसतील तर क्षारांबरोबर सुटलेलं कॅडमियमही विहिरीकडे जातं. फॉस्फोजिप्सम (स्फुरद खतांच्या कारखान्यातून निघणारं जिप्सम) असेल तर त्यातलंही कॅडमियम आधी तपासून घ्या.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात काळी आणि रेताड माती घेऊन कॅडमियमच्या अधिशोषणावर खारेपणाचा परिणाम मोजायचा आहे. सोडियम क्लोराइड वापरलं तर पुरे का? (एक विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : एकट्या मिठाने भागणार नाही. अधिशोषण घटलं तर ते सोडियममुळे की क्लोराइडमुळे, हे कळणारच नाही. 0.1 मोलर सोडियम नायट्रेट (लिटरला 8.5 ग्रॅम) आणि 0.1 मोलर सोडियम क्लोराइड (5.84 ग्रॅम) असे दोन संच ठेव. दोन्हींत सोडियम सारखंच, त्यामुळे जो फरक दिसेल तो मुख्यतः क्लोराइडचा.

वाळवून 2 मिलिमीटर चाळणीने चाळलेली 2 ग्रॅम माती, 40 मिलिलिटर द्रावण, पॉलिप्रोपिलीनची नळी, 24 तास हलवणं. कॅडमियम नायट्रेटच घे, क्लोराइड नको. नंतर सेंट्रिफ्यूज करून गाळ. सुरुवातीच्या आणि उरलेल्या तीव्रतेतल्या फरकाला 20 ने गुणलंस की दर किलो मातीला किती मिलिग्रॅम बसलं ते मिळतं.

घोटाळा होतो तो इथे : चुनखडीच्या मातीत तीव्रता जास्त ठेवली तर कॅडमियम कार्बोनेटचा साका बसतो आणि तोही अधिशोषण म्हणून मोजला जातो. लिटरला 0.1 ते 5 मिलिग्रॅम या पट्ट्यात राहा. प्रत्येक नळीचा सामू शेवटी मोज, कारण मीठ घातल्यावर तो थोडा खाली येतो आणि तेवढ्यानेही आकडे हलतात. मातीविना एक नळी आणि धातूविना एक नळी हवीच. अणुशोषण यंत्राची (द्रावणातला धातू मोजणारं यंत्र) प्रमाण द्रावणं त्याच खारेपणाच्या पाण्यात बनव, साध्या पाण्यात बनवलीस तर क्लोराइडच्या संचाचे आकडे चुकतील.