बगझिलावर टाकलेला बग दर वेळी 'डुप्लिकेट' म्हणून बंद होतो, काय करू?

बगझिलावर (सॉफ्टवेअरमधल्या चुका, म्हणजे बग, कळवायची जागा) तीन बग टाकले, तिन्ही 'डुप्लिकेट', म्हणजे आधीच कुणीतरी कळवलेले, म्हणून बंद झाले आणि आता चौथा टाकायला लाज वाटते म्हणता. लाज कसली, माझा तर पहिलाच असा गेलेला.

मी फोंड्याचा. चवथीला आमच्या वाड्यावर मराठी नाटक असतं आणि संहिता टाईप करायचं काम दर वर्षी माझ्या गळ्यात. एका फुकटातल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असले शब्द स्क्रीनवर ठीक दिसायचे पण पीडीएफ केली की त्यातला तो कोयतीसारखा र तुटायचा. मी 'मराठी फॉन्ट प्रॉब्लेम' असं इंग्रजीत सर्च केलं, काही मिळालं नाही, मग मस्त लांबलचक बग लिहिला आणि दुसऱ्याच दिवशी डुप्लिकेट! मूळ बग उघडला तर त्यात मराठी हा शब्दच नाही, टाकणारा नेपाळी (त्यांच्याकडे हा र आपल्यापेक्षा जास्त लागतो), आणि त्याने लिहिलेलं 'आयलॅश रा'. युनिकोडवाले (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणारे) या र ला तेच म्हणतात, पापणीचा केस. मला कुठे माहीत!

म्हणजे आपण त्या गोष्टीला काय म्हणतो यावर शोधून उपयोग नाही, त्या धंद्यातले लोक काय म्हणतात त्यावर शोधायचं, आणि तो शब्द माहीत नसेल तर कुणीही लिहिलं तरी बदलणार नाही असं काहीतरी धरायचं. एरर मेसेज असेल तर जसाच्या तसा, फक्त त्यातलं तुमच्या फाईलचं नाव, फोल्डर काढून. अक्षराचा घोळ असेल तर त्याचा युनिकोड नंबर, ऱ चा ०९३१ आहे. फायरफॉक्स क्रॅश होत असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये 'अबाउट कोलन क्रॅशेस' टाका (इंग्रजीत, कोलनचं चिन्ह देऊन), तिथला रिपोर्ट उघडला की सिग्नेचर म्हणून एक ओळ दिसते, ती कॉपी करून शोधा.

दुसरं, बंद झालेले बग पण बघा. बगझिलाचा वरचा सर्च बॉक्स नुसते उघडे बग दाखवतो, सगळे हवे तर सुरुवातीला कॅपिटलमध्ये इंग्रजी 'ऑल' लिहायचं. गिटहबवर (तीही बग टाकायची एक साइट) पण तेच, बॉक्समध्ये 'ओपन'चा फिल्टर आधीच भरलेला असतो तो पुसा. कित्येकदा बग कधीच दुरुस्त झालेला असतो आणि आपलं व्हर्जनच जुनं, म्हणून आधी अपडेट करून बघाच. बगझिला ४.० पासून, म्हणजे २०११ पासून, समरी (बगचा एका ओळीतला सारांश) टाईप करताना मिळतेजुळते बग आपोआप खाली येतात, पण तिथे 'बरोबर चालत नाही' असं लिहिलं तर येणार कचराच.

सापडला तर खाली 'मला पण' लिहू नका हो, प्रत्येक कॉमेंटचा मेल यादीतल्या सगळ्यांना जातो. सीसीत, म्हणजे त्या मेलच्या यादीत, नाव घाला, व्होटची सोय असली तर व्होट द्या. नवीन काही असेल, लहानशी फाईल वगैरे, ज्यात हमखास होतं, तरच लिहा.

आणि सारखा दिसतो पण खात्री नाही असं असेल तर वेगळाच टाका, त्यात त्या दुसऱ्याचा नंबर द्या. पावसात माड पडून अख्ख्या वाड्याची लाईट जाते तेव्हा तुमच्या घरचा फ्यूज पण उडालेला असू शकतो, तुम्ही 'आमचंही तेच' म्हणालात तर लाईनमन माड बाजूला करून निघून जाणार आणि तुम्ही बसा मेणबत्ती घेऊन. दोन बग जोडणं एका क्लिकचं काम, एकात गुंतलेले दोन सोडवणं म्हणजे डोकेदुखी.

माझ्या त्या बगचं म्हणाल तर डुप्लिकेट केला की बगझिला टाकणाऱ्याचं नाव मूळ बगच्या सीसीत घालतं, त्यामुळे दुरुस्त झाल्याचा मेल मला आपसूक आला. पण तोवर चवथ होऊन गेलेली आणि सगळे तुटके र मी पेनाने काढून दिलेले, बावीस प्रतींवर.