नैरोबीला येताय तर, ताई

ताई, तुमचा प्रश्न परवा वाचला आणि डोक्यातून जाईना. यजमानांना नैरोबीत नोकरी, मुलगी सहा वर्षांची, इंग्रजीवर भागेल का की स्वाहिली शिकून यावं, असं विचारलंय तुम्ही. व्हिसा, लशी, घरभाडं यांची माहिती कुठेही मिळेल, ते सोडते.

भागतं. इंग्रजी आणि स्वाहिली दोन्ही इथल्या अधिकृत भाषा.

कागदांचं एकच सांगते. लग्नाचा दाखला इंग्रजीत करून, शिक्के मारून आणा. आमचा ग्रामपंचायतीचा, मराठीतला. खिडकीवरच्या माणसाने तो आधी उलटा धरला, मग सुलटा, मग परत दिला. त्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. पाच चकरा झाल्या. दर वेळी माणूस नवा आणि मागितलेला कागदही नवा. पाचव्या वेळी मी खिडकीसमोरच रडले, तेव्हा कुठे काम झालं. रडण्याची शिफारस करत नाहीये.

एकटं वाटतं का? वाटतं. सवय होते. पुढे.

शाळा. केनियाच्या अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आम्ही जूनमध्ये आलो, म्हणजे लेक अर्ध्या वर्षात जाऊन बसली. इंग्रजी कच्चं आहे, घरी इंग्रजीच बोला, असं शाळेने सांगितलं. आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. नवरा आठवडाभर साइटवर, घरात मी आणि ती, आणि दोघी एकमेकींशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलतोय. आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

वर्षभराने तिला एक कागद भरून आणायला दिला: ‘आमच्या घरी झाडाला ... म्हणतात.’ मी स्वयंपाकात होते. ती आधी कामाला येणाऱ्या मावशींकडे गेली, त्या न्येरीकडच्या, किकुयू समाजाच्या. मग गेटवरच्या अस्कारीकडे, म्हणजे पहारेकऱ्याकडे, तो कितुईचा, कांबा समाजाचा. दोघांनी एकच शब्द सांगितला: मोते. रोमन अक्षरांत लिहिताना यू आणि आयच्या डोक्यावर नागमोडी रेघ येते, म्हणून उच्चार ओ आणि ए. दोन वेगळ्या भाषांचा एकच शब्द, याचंच तिला कोण कौतुक! तिने तोच लिहिला, रेघांसकट. बाईंनी मला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या घरी तुमची भाषा कोणीच बोलत नाही का?

ज्यांनी बंद करायला लावली, तेच विचारतायत! वर्षं लोटली, राग गेलेला नाही. पण खरं सांगू, राग निम्मा माझ्यावरच आहे. ‘घरी’ म्हणजे कोण, तर दिवसभर तिच्याशी आपापल्या भाषेत दोन शब्द बोलणारे ते दोघं. लेकीने काही चुकीचं लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी हट्टाने अस्कारीकडून शिकले. आपलं झाड अनेक झालं की शेवटाला बदलतं, झाडं. यांचं पुढून बदलतं: एक मोते, अनेक मेते. स्वाहिलीतही तसंच, म्ती आणि मिती. किकुयूंचा केरेन्यागा डोंगर कांबांच्या तोंडी केन्या होतो आणि देशाला तेच नाव लागलं, हेही त्यानेच अभिमानाने सांगितलं. वांगारी मथाई न्येरीच्या, झाडं लावण्याची चळवळ त्यांनी १९७७ मध्ये सुरू केली, २००४ मध्ये नोबेल मिळालं. हे ऐकवताना मावशींचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुम्ही आलात की आधी अशा माणसांची भाषा विचारा, मी फार उशिरा विचारली.

स्वाहिली मुलगी तीन महिन्यांत उचलेल, तुम्ही शिकवू नका. घरात मात्र मराठीच ठेवा, शाळा काहीही म्हणो.

लेकीला आता ‘झाड’ येतं, अर्थातच. गेल्या रविवारी आईशी फोनवर बोलत होती. “आजी, ते परसातलं... काटेरी असतं ना फळ...” म्हणून माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम गप्प बसले. पलीकडून आईच म्हणाली, “फणस गं, बाळा.”